मध्यम तोच, निषाद तोच

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा बुधवार

प्रिय मुली,

रविवारी शिकवणी संपल्यावर दारात चप्पल घालता घालता तू विचारलंस, "सर, मी आता जुनं वाजवणं सोडून देऊ का?" आणि मी "पुढच्या वेळी बोलू" म्हणालो. तुझा चेहरा उतरला ते मला दिसलं. पण हे दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. तीन रात्री तुझ्या पुण्याच्या जॅझ गिटारच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकतोय, आणि आज लिहायला बसलो आहे.

त्या कार्यक्रमानंतर एकजण तुला म्हणाला की तुझं वाजवणं म्हणजे जुन्या रेकॉर्डची झेरॉक्स आहे. दुसऱ्याने सांगितलं की बीबॉप, म्हणजे चाळीसच्या दशकातला तो वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ, पुरता हातात बसल्याशिवाय स्वतःचं एक वाक्यही वाजवायचं नाही. दोघंही तुझ्याहून मोठे आणि दोघंही चांगले वाजवणारे. तू दोघांचंही मनाला लावून घेतलंस. माझं मत विचारशील, तर नक्कल केलीस हा तुझा दोष नाहीच. तू नक्कल अर्धी केलीस.

पुरावा तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. ते बत्तीस बारांचं गाणं (चार ठोक्यांचा एक बार), आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा, ज्याला आपण ब्रिज म्हणतो. ब्रिजमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दोन-दोन बार थांबत ग, ध, रे, प अशा पायऱ्यांनी घराकडे, म्हणजे सा कडे येतात. तू तिथे गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचं वाक्य घेतलंस. एकही सूर चुकला नाही, स्विंगही, म्हणजे लयीचा झोकाही, सुरेख होता. पण ते वाक्य होतं ध वरच्या कॉर्डचं आणि तोवर बँड रे वर पोचला होता. धच्या कॉर्डमध्ये कोमल रे असतो. रेच्या कॉर्डवर येताना तो अर्ध्या पायरीने सा वर उतरायला हवा. तू कोमल रे धरूनच राहिलीस. ऐकणाऱ्याला कारण कळलं नसेल, पण वाक्य उसनं आहे हे कानाला लगेच समजतं. त्या गृहस्थांनी झेरॉक्स म्हटलं ते यालाच. त्यांना दुखणं बरोबर जाणवलं, औषध मात्र चुकीचं सांगितलं.

आता ज्याचं वाक्य तू घेतलंस, त्या माणसाकडे जरा नीट बघ. १९३९ मध्ये तो क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याच्या आधी मोठ्या बँडमध्ये गिटार म्हणजे बारला चार ठोके. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या आवाजापुढे साध्या गिटारवर सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, कुणाला ऐकू गेलं असतं? (ते चार ठोके हलकं काम होतं असं समजू नकोस. फ्रेडी ग्रीनने काउंट बेसीच्या बँडमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं तेवढंच केलं आणि अख्खा बँड त्याच्या हातावर चालला.) ख्रिश्चनने पिकअप लावलेली, म्हणजे विजेवर आवाज मोठा करणारी गिब्सन गिटार घेतली आणि तिच्यावर सॅक्सोफोनसारखी लांब, श्वास घेत जाणारी वाक्यं वाजवायला लागला. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन त्याच्या कानात मुरलेला होता. म्हणजे तू आज गिटारची परंपरा म्हणून जे वाजवतेस, ते गिटारचं नव्हतंच. ते एका मुलाने दुसऱ्या वाद्यावरून कानाने उचललं, आणि उचलताना ते कुठल्या कॉर्डवर, कुठल्या ठोक्यावर, का येतं हेही उचललं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कला हार्लेमच्या मिंटन्स क्लबमध्ये तो रात्री उशिरापर्यंत वाजवत बसायचा, पुढे बीबॉप घडवणारे थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क तिथल्या बँडमध्ये. १९४२ च्या मार्चमध्ये क्षयाने गेला. वय पंचवीस. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये सापडलं. हे वर्ष मनात आलं की मला अजून हुरहुर लागते.

गिटारवादक वेस माँटगोमेरीचं तर तुला सांगायलाच हवं, कारण तो तुझ्यापेक्षा मोठा नक्कलकार होता. ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून त्याने ते सोलो सुरासुरासकट बसवले. इंडियानापोलिसच्या एका क्लबमध्ये त्याला काम मिळालं ते त्या सोलोंवरच. ते वाजवायचे आणि मग गप्प राहायचं, कारण पुढे त्याला काही येतच नव्हतं. पुढची बरीच वर्षं दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लब. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक सोडून अंगठ्याने वाजवायला लागला, आणि त्या अंगठ्यातूनच तो गोल, उबदार स्वर आला, जो आज कुणीही दोन सुरांत ओळखतो. एकच सूर दोन सप्तकांत एकत्र वाजवण्याची त्याची पद्धत आता सगळ्यांची झाली आहे. या माणसाला कुणी पहिल्या वर्षीच झेरॉक्स म्हणून हाकललं असतं तर?

तू म्हणशील, सर, तो वेस होता. पण गिटारवादक जँगो राईनहार्टची गोष्ट तुला ठाऊक आहे. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली आणि उरलेल्या दोन बोटांना जमेल अशी वाट त्याने शोधली. तुझा हात लहान आहे. वेसचे पल्ले तुला तसेच्या तसे जमणार नाहीत, आणि जिथे जमणार नाहीत तिथेच तुझं काहीतरी निघेल. त्यासाठी मुद्दाम वेगळं व्हायच्या खटपटीची गरज नाही. आधी पूर्ण प्रामाणिकपणे त्यांच्यासारखं वाजवून बघायला मात्र हवं, नाहीतर आपला हात कुठे अडतो हेच कळत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गिटार जवळ असेल तर घे.

गाण्याचा सा म्हणजे पांढरी एक, सी, धर. आपलं रोजचं वाक्य: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. आपल्या भाषेत पहिल्या कॉर्डमध्ये रे, म, ध, सा. दुसरीत प, नि, रे, म. तिसरीत सा, ग, प, नि. एवढ्या सुरांतले फक्त दोन-दोन वाजव. पहिलीतले म आणि सा. दुसरीवर जाताना म जागचा हलत नाही, सा तेवढा नि वर उतरतो. तिसरीवर नि जागचा हलत नाही, म ग वर उतरतो. हे सावकाश वाजव, दहा वेळा, आणि मग गुणगुण. बाकी काही वाजवलं नाहीस तरी गाणं पुढे सरकतंय हे ऐकू येतं. चाळीस सालापूर्वीचा कुठलाही चांगला सोलो उघड, आतमध्ये हे दोन धागे सापडतील.

आता बीबॉपवाल्यांनी काय केलं ते बघ. मधल्या जी सेव्हनचा खालचा प काढला आणि तिथे कोमल रे ठेवला. कॉर्ड झाली डी फ्लॅट सेव्हन: कोमल रे, म, कोमल ध, नि. म तोच आहे, नि तोच आहे. खालची जमीन मात्र पार बदलली. आधी बास रे, प, सा असा उड्या मारत घरी यायचा, आता रे, कोमल रे, सा असा सरपटत येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे परकं वाटलं असणार. तरी कान हरवत नाही, कारण ज्या दोन सुरांना धरून कान चालत होता ते हललेले नाहीत.

मला नवेपणाची याहून चांगली व्याख्या माहीत नाही. कुणी नवं काही वाजवलं की मी हेच शोधतो, याने धरून काय ठेवलं आणि बदललं काय. सगळंच बदललं तर ऐकणारा कशाला धरून बसेल? आणि आपण काय धरून ठेवलंय हे ज्याला माहीतच नाही, त्याचं बदलणं म्हणजे अंधारात हात मारणं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बाविसाव्या वर्षी हेच केलं होतं. ऑर्केस्ट्रात लग्नाची गाणी वाजवून कंटाळलो होतो. कुठून तरी मोडची, म्हणजे आपल्या थाटांसारख्या पाश्चात्य स्वरसप्तकांची, नावं पाठ केली, आणि कॉर्डला न जुमानता जे वाजवेन त्याला आधुनिक म्हणायला लागलो. जवळजवळ वर्षभर. मग मुंबईत एका वयस्कर गोवेकर बास वादकाबरोबर बसायची संधी मिळाली. त्याने माझं पाच मिनिटं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, आता फक्त मूळ चाल वाजव, एक फेरी, मी थांबतो. मी मूळ चाल वाजवायला घेतली आणि दुसऱ्या आठ बारांनंतर कुठे आहे तेच कळेना. त्याला पुढे काही बोलावं लागलं नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत येताना रात्रभर मी बोटांवर बत्तीस बार मोजत होतो.

मला गिटार शिकवली ती रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका अंकलनी. रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. त्यांचा एकच नियम: जे वाक्य तोंडाने गाता येत नाही, ते बोटांनी वाजवायचं नाही. कॅसेट मागे नेऊन नेऊन टेप ढिली व्हायची, पण आधी गाणं आणि मगच वाजवणं. आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो, भिंतीपलीकडे यंत्रमाग. रात्रपाळीला भिंतीला लागून असलेला एकच माग चालू असायचा आणि त्याचा ठोका कधी चुकायचा नाही. अंकल म्हणाले, तो ठोका एक आणि तीन समजू नकोस, दोन आणि चार समज. पहिले काही दिवस डोकं गरगरायचं. मग एका रात्री तो मागच स्विंग करायला लागला! तुझ्या मोबाइलमधल्या मेट्रोनोमवर तेच कर, बॅकिंग ट्रॅक महिनाभर बंद ठेव. ट्रॅक तुझ्यासाठी कॉर्ड मोजतो, म्हणून तुझा कोमल रे तिथे अडकला.

आणखी एक. तू म्हणालीस की पुढच्या कार्यक्रमात सोलोच्या मध्ये एखादा राग घालू, म्हणजे वेगळं होईल. राग तुझ्या घरातच आहे, आईचं गाणं ऐकत तू मोठी झालीस, तो येणारच. पण घालू नकोस. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने १९७५ च्या सुमारास झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' उभं केलं, त्याआधी तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवून आला होता आणि मग वीणा शिकायला बसला होता. मींड घेता यावी म्हणून गिटारची पट्टी खोलगट करून घेतली, तरफा बसवून घेतल्या. त्या संगीताने वाद्यसुद्धा बदलायला लावलं. आठ बार भूप वाजवून परत येणं आणि हे, यांत फार अंतर आहे.

तुझ्या आईला विचार कुमार गंधर्वांबद्दल. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवणारा मुलगा, लोक चकित व्हायचे. मग देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षं शिक्षण. पुढे तोच क्षय, देवासला अंथरुणावर, गाणं बंद, आणि खिडकीतून कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं. त्यांच्या वाट्याला औषध आलं आणि ते परत गायले. जे गायले ते नवं होतं, यावर वाद झाले. पण त्या नव्यात काय धरून ठेवलेलं होतं हे ऐकायला जाणकारांना फार वेळ लागला नाही. मला वाटतं, लहानपणीची ती नक्कल त्यांनी कधी पुसली नसावी. ती कान होऊन राहिली असणार.

तेव्हा नवे सोलो उतरवून घेणं सध्या थांबव. वीस सोलोंची वही भरली आहेस, त्यातला एक निवड. ख्रिश्चनचाच, एक फेरी, बत्तीस बार. गिटारशिवाय पूर्ण गाता आला पाहिजे, पायाने ठोका धरून. मग प्रत्येक बारखाली लिही, खाली कॉर्ड कोणती, वाक्य कुठल्या सुरावर उतरलं, तिथेच का उतरलं. काही ठिकाणी कारण सापडणार नाही, तिथे रिकामी जागा सोड, आपण दोघं मिळून बघू. हे झालं की तोच सोलो वाजव, फक्त ब्रिजचे आठ बार तुझे. म आणि नि सारखे जे धागे आहेत तेवढे सांभाळ, बाकी तुला हवं ते कर. वाईट झालं तरी चालेल.

रविवारी अकराला ये. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा चालू आहे, होम मैदानाकडचे रस्ते भरलेले असतील, लांबून वळसा घालून ये. अँप आणू नकोस. मी बास धरतो, तू वर म आणि नि वाजव, फेरीमागून फेरी. कुठल्या तरी फेरीत मी न सांगता प सोडून कोमल रे धरेन. कधी धरला ते तू मला सांगायचंस.

तुझे,
सर