आधी इलेक्ट्रॉनचा हिशेब

चि.स अनेक आशीर्वाद.

इमेज सेन्सरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपमध्ये, संशोधन करण्यासारखं आता उरलंय तरी काय, हा तुझा प्रश्न वाचून हसू आलं. मी या कामाला लागले तेव्हा सीसीडी, म्हणजे जुन्या जातीचं सेन्सर, जोरात होतं आणि आज फोनमध्ये असते त्या जातीबद्दल 'सीमॉसमधून धड चित्र कधी निघायचं नाही' असं भली भली माणसं छातीठोकपणे सांगत. तेव्हाही लोक हेच विचारायचे. त्यामुळे पुढे काय चालेल याचं भाकीत माझ्याकडे मागू नकोस. दोष कसा निवडावा आणि त्याच्या मागे कसं लागावं, त्याबद्दल मात्र चार शब्द लिहिते.

सिलिकॉनवर फोटॉन पडतो, इलेक्ट्रॉन सुटतो, तो साठवायचा आणि मोजायचा. पिक्सेलचं काम एवढंच. या वाटेत इलेक्ट्रॉन कुठे हरवतात, आगंतुक कुठून घुसतात आणि मोजताना आपण किती चुकतो, या तीन तक्रारींभोवती आमचा बहुतेक इतिहास फिरतो. सीसीडीचंच बघ. 1969 च्या ऑक्टोबरात बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभराच्या चर्चेत त्याचा आराखडा मांडला, तोही मुख्यतः मेमरी डोक्यात ठेवून. त्यात चार्जचं गाठोडं एका खान्यातून पुढच्या खान्यात असं ढकलत बाहेर आणतात. दर वेळी हजारातला एक इलेक्ट्रॉन मागे राहिला, तर 2000 वेळा ढकलून झाल्यावर हाती येतात जेमतेम 14 टक्के. लाखातला एक राहिला तर 98 टक्के. हे कागदावर स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. अवकाशात किरणोत्साराने सिलिकॉनला इजा झाली की हा आकडा घसरतो. मग 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉसच्या प्रत्येक पिक्सेलमध्येच अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा हट्ट का धरला, ते तुझं तुलाच कळेल.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नोबुकाझू तेरानिशींच्या कामाने. 1980 साली एनईसीमध्ये ते लॅगच्या मागे लागले होते. लॅग म्हणजे हलत्या वस्तूमागे रेंगाळणारी आधीच्या फ्रेमची सावली. कारण साधं होतं, पिक्सेलमधला प्रकाश झेलणारा फोटोडायोड पूर्ण रिकामाच होत नव्हता. त्यांनी वरून वेगळी भेसळ केलेल्या सिलिकॉनचा पातळ थर (पी-थर) देऊन तो असा घडवला की वाचताना त्यात काहीच शिल्लक राहू नये. पृष्ठभागावरून झिरपणारा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही जमणारे आगंतुक इलेक्ट्रॉन, तोही त्यामुळे दबला. हे सगळं होतं सीसीडीसाठी.

सीमॉसवाल्यांना पंधराएक वर्षांनी तोच डायोड लागला, तोही वेगळ्याच दुखण्यासाठी. चार्ज मोजायचा कपॅसिटर रिसेट केला, म्हणजे मूळ पातळीवर आणला, की त्यावर दर वेळी थोडा कमी-जास्त चार्ज उरतो. 1 फेम्टोफॅरड इतक्या इवल्या कपॅसिटरवर, खोलीच्या तापमानाला, हा गोंधळ सुमारे 13 इलेक्ट्रॉनांचा. आधी रिसेटची पातळी वाचायची, मग सिग्नलची, आणि वजाबाकी करायची, ही युक्ती मार्विन व्हाइट आणि त्यांचे सहकारी 1974 मध्येच मांडून बसले होते. पण ती चालायची तर साठवायची आणि वाचायची जागा वेगळी हवी, शिवाय साठवलेलं सगळंच्या सगळं वाचायच्या जागी उतरायला हवं. तेरानिशींच्या डायोडने नेमकं तेच दिलं. तुझ्या फोनच्या कॅमेऱ्यातही त्याचाच वंशज बसलाय.

लॅग घालवायला निघालेल्या माणसाला 'सीसीडी टिकेल की जाईल' या वादात पडावं लागलं नाही. सीसीडी मागे पडलं, त्याचं काम राहिलं. 2017 मध्ये अभियांत्रिकीचं क्वीन एलिझाबेथ पारितोषिक फॉसम, स्मिथ, तेरानिशी आणि मायकेल टॉमसेट यांना मिळून दिलं गेलं. (सीसीडीतून चित्र घ्यायचं काम करणारे टॉमसेट सीसीडीसाठीच्या 2009 च्या नोबेलमध्ये नव्हते, त्यावरून बरीच कुरबूर झाली. प्रयोगाची वही रोजच्या रोज तारीख घालून लिहीत जा.)

आता माझी फजिती. माझी पहिली चिप आली, अंधाऱ्या डब्यात ठेवली, तर एक कोपरा उजळ. डार्क करंट, दुसरं काय, असं ठरवून मी तीन महिने त्याच्या मागे लागले. डार्क करंट साधारण दर सहा ते आठ अंशांना दुप्पट होतो. हा कोपरा थंड केला तरी ढिम्म. तिथेच उमजायला हवं होतं, पण मी तापमापकावर शंका घेत बसले. शेवटी कळलं की एक्स्पोजर चालू असताना त्या कोपऱ्यातला आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर मी बंदच करत नव्हते. जास्त व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर स्वतःच क्षीण प्रकाश टाकतो, आणि तो माझा सेन्सर इमानेइतबारे टिपत होता. टायमिंगमध्ये एक ओळ बदलली आणि कोपरा काळा झाला. पेपर तर सोडच, तळटीपेतही हे कुठे छापलं नाही.

म्हणून सांगते, चिपच्या आधी टेस्ट बेंच उभा कर. टेपआउट झाल्यावर, म्हणजे आराखडा कारखान्याला धाडल्यावर, वेफर (चिपांची चकती) हातात यायला कित्येक महिने जातात. पुष्कळ मुलं तेवढ्या वेळात पुढच्या चिपचं सिम्युलेशन करत बसतात. तू इंटिग्रेटिंग स्फियर, म्हणजे प्रकाश सारखा पसरवणारा पोकळ गोळा, लाव, प्रकाश सगळीकडे सारखा पडतोय का ते तपास, आणि बाजारात मिळणारा एखादा जुना सेन्सर मोजून बघ. त्याचे आकडे डेटाशीटशी जुळेपर्यंत स्वतःच्या चिपबद्दल बोलायचं नाही.

विषयांबद्दल माझं मत विचारशील तर पिक्सेल आणखी लहान करायच्या शर्यतीत विद्यार्थ्याने पडू नये. ज्यांच्या हाती चिप बनवायची स्वतःची प्रोसेस आहे ते तिथे कायम पुढेच राहणार. जवळच्या इन्फ्रारेडमध्ये सिलिकॉन प्रकाश फार कमी शोषतं आणि 1100 नॅनोमीटरच्या पुढे जवळपास पारदर्शकच होतं, तिथे काम आहे, पण ते मटेरियल्सचं जास्त. मी आज सुरुवात करत असते तर रँडम टेलिग्राफ नॉइज घेतला असता. ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या ऑक्साइडमधला एखादा दोष एक इलेक्ट्रॉन पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि तेवढ्यावर एक पिक्सेल अंधारात लुकलुकत राहतो. वाचण्याचा नॉइज, म्हणजे मोजताना होणारी चूक, अर्ध्या इलेक्ट्रॉनच्या बराच खाली आणला की शून्य, एक, दोन असे इलेक्ट्रॉन सुटे मोजता येतात. पण लाखो पिक्सेलपैकी हे थोडेसे लुकलुकणारे तिथे आडवे येतात. चिवट प्रकरण आहे, आणि त्यातला ट्रान्झिस्टर तुझ्या अभ्यासक्रमातलाच आहे.

पण हे पुढचं. या महिन्यात एकच कर. जुन्या सेन्सरवर सारख्याच प्रकाशात दोन-दोन फ्रेम घे, त्यांची वजाबाकी कर आणि फरकाचं व्हेरिअन्स निम्मं कर. पिक्सेलागणिक ठरलेला फरक त्यात निघून जातो. प्रकाश वाढवत वाढवत हेच करत जा आणि सरासरी सिग्नलसमोर नॉइज, म्हणजे त्या निम्म्या व्हेरिअन्सचं वर्गमूळ, मांड. सुरुवातीला रेघ आडवी जाईल, तो वाचण्याचा नॉइज. मग अर्ध्या चढाने वर जाईल, तो फोटॉनचा स्वतःचा. तो चढ अर्धा आला नाही तर सेन्सरला दोष देण्याआधी दिवा लुकलुकतोय का ते बघ.

आलेख पुढच्या पत्रासोबत पाठव, दोन्ही अक्ष लॉग ठेवून. कच्च्या फ्रेमही पाठव, निवडक नकोत, सगळ्या.

कळावे.