इंग्लंडच्या शाळेत बोलायला कुठलं इंग्रजी लागतं

ताई, तुम्ही विचारलंत की जूनमध्ये मुलगा आणि धाकटीला घेऊन लेस्टरला यायचंय, शाळेत नियमबियम बोलायची वेळ आली तर आपलं इंग्रजी पुरेल का, आत्तापासून क्लास लावू का. क्लासचे पैसे वाचवा. ग्रामर आपलं ठीकच असतं, घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो.

माझंच सांगते. मुलीला सर्दी झाली म्हणून सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन केला, तिकडून विचारलं "हॅज शी बीन सिक?" मी म्हटलं हो हो, कालपासून. झालं, 48 तास पाठवू नका! इथे बीन सिक म्हणजे उलटी झाली, आणि उलटी-जुलाब थांबल्यावर 48 तास घरी ठेवायचं असा नियम. नुसतं बरं नसेल तर अनवेल म्हणायचं आणि काय होतंय ते सरळ सांगायचं.

दुसरं महागात पडलं. सांगलीला दिराचं लग्न, मी ईमेल लिहिला, वी आर गोइंग आउट ऑफ स्टेशन, काइंडली ग्रँट लीव्ह (आउट ऑफ स्टेशन इथे कुणाला कळत नाही, लोक रेल्वे शोधतात). उत्तर आलं "आय अ‍ॅम अफ्रेड वी आर अनेबल टू ऑथराइज धिस", म्हणजे परवानगी देता येत नाही, पण इतकं गोड की मला वाटलं लिहायची पद्धत असेल, गेलो आठवडाभर. आल्यावर दंड, 80 पौंड, तोही आईला वेगळा बापाला वेगळा, म्हणजे 160, आणि तेही 21 दिवसांत भरले म्हणून, नाहीतर दुप्पट. एका दिवसाची दोन सेशन धरतात, 10 सेशन विनापरवानगी बुडली की दंडाचा विषय निघतोच. दिवाळीच्या दिवसाची सुट्टी मिळू शकते, आधी अर्ज करून रिलिजस ऑब्झर्व्हन्स असं लिहायचं. लग्न मात्र हेड टीचरच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर.

तेव्हापासून मी "अफ्रेड" ऐकलं की उत्तर "नाही" आहे असं समजते, आणि "वी वुड एन्करेज पेरेंट्स टू" दिसलं की मुकाट्याने करते.

शाळांच्या वेबसाइटवर अटेंडन्स, बिहेवियर, युनिफॉर्म अशा पॉलिसी असतात, दोन-तीन शाळांच्या आत्ताच मोठ्याने वाचा, नवऱ्याला हेड टीचर करून प्रश्न विचारा. फोनवर कळलं नाही तर "कुड यू पुट दॅट इन अ‍ॅन ईमेल प्लीज" म्हणायचं, कुणी रागवत नाही. आणि धाकटीचे कान टोचायचे राहिले असतील तर तिथेच टोचून, नीट भरले की मग आणा, पीईच्या (खेळाच्या तासाच्या) वेळी बऱ्याच शाळा कानातलं काढायला लावतात.