जुनं तारकुंपण बदलताना सगळं काम मिनी पोकलेनकडून करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काळ्या रानाच्या एका बाजूचं, सुमारे ४०० फुटांचं, पंचवीसेक वर्षांचं सिमेंट पोल आणि काटेरी तारेचं कुंपण काढून नवं करायचंय. गावात मिनी पोकलेन तासावर मिळतंय. उपटणं, खड्डे, पोल उभे करणं सगळं त्याच्याकडूनच घ्यावं का, आणि स्वस्त काय पडेल?

जुने पोल मशीनने उपटा, नव्या पोलांचे खड्डे हातानेच खणा. यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची जमीन परभणीकडची, खोल काळी. थोरल्या चुलत भावाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं असं की मशीन दारात आलंय तर पहार कशाला उचलायची. पूर्वेची बाजू त्याने बकेटने खड्डे काढून केली, उत्तरेची मी मजूर लावून हाताने केली. पोल एकाच गाडीतले, तार एकाच दुकानातली, माती तीच. दोन पावसाळ्यांनंतर पूर्वेचे पोल मागेपुढे डोलायला लागले, काही वर उचलले गेले आणि वरच्या दोन तारांना झोळ पडला. दादा म्हणतो तार हलकी निघाली. तार हलकी असती तर उत्तरेलाही झोळ पडला असता.

कारण खड्ड्याच्या आकारात आहे. बकेट सरळ खाली जात नाही, कमानीत फिरतं. अडीच फूट खोल जायचं तर वरचं तोंड किमान तीन फूट लांब होतं आणि तळाला ते निमुळतं राहतं. म्हणजे खड्डा नरसाळ्यासारखा. त्यात काँक्रीट ओतलं की वर रुंद, खाली अरुंद असा गोळा तयार होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, त्या गोळ्याच्या तिरक्या बाजूंना खालून रेटते आणि पोलासकट वर उचलते. उन्हाळ्यात माती आक्रसते, भेगा पडतात, ढेकळं आणि भुगा गोळ्याखाली घरंगळतो. मग पोल पुन्हा जागेवर बसत नाही. दरवर्षी थोडा थोडा वर येत राहतो.

काळ्या जमिनीत पाया तळाला रुंद हवा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीतल्या घरांसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले, त्यामागचं तत्त्व हेच आहे: खालचा फुगीर भाग पायाला मातीत अडकवून ठेवतो. कुंपणाच्या पोलाला एवढा खोल पाया लागत नाही, पण आकाराचा नियम तोच. पहारीने १२ इंच रुंदीचा सरळ खड्डा अडीच फूट खाली न्यायचा, आणि तळाच्या सहा इंचांत आतून कोरून तो १५-१६ इंच करायचा. हे कोरणं बकेटला जमतच नाही.

दादाचा दुसरा मुद्दा मजुरीचा. तो सिमेंट मोजत नाही. १२ इंच व्यासाच्या, अडीच फूट खोल खड्ड्याला साधारण दोन घनफूट काँक्रीट लागतं. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सिमेंटच्या एका पोत्यात तीन पोल बसतात. बकेटचा खड्डा पूर्ण भरायचा म्हटलं तर पाच घनफुटांच्या आसपास जातो, म्हणजे एका पोलाला जवळजवळ पोतं. ते वाचवायला लोक मधे थोडं काँक्रीट टाकून बाकी जागा उकरलेल्या मातीनेच भरतात. ती सैल माती पहिल्या पावसात बसते, पोलाभोवती आळं तयार होतं, पाणी थेट तळापर्यंत उतरतं. पूर्वेच्या बाजूला हेच झालंय. मशीनमुळे खड्ड्यांवर वाचलेली मजुरी तिथेच गेली.

आता मशीन कुठे खरंच कामाचं आहे ते.

जुने पोल उपटणं हे त्याचंच काम. ७ फुटांचा ४×४ इंची सिमेंट पोल ५५ किलोच्या आसपास भरतो. खालचा काँक्रीटचा गोळा धरला तर दीड-पावणेदोनशे किलो, वर ओल्या मातीची पकड वेगळी. माणसांनी हे करू नये, कंबर जाते. पण ऑपरेटरला बकेटने पोल ढकलू देऊ नका. ढकललेला पोल जमिनीलगत मोडतो, बुडखा आत राहतो आणि तो काढायला मोठा खड्डा करावा लागतो. जमिनीलगत पोलाला साखळीचे दोन वेढे द्यायचे, साखळी मशीनच्या उचलायच्या हुकाला लावायची, बकेटच्या दातात अडकवायची नाही, कारण तिथून ती सटकते. मशीन पोलाजवळ उभं करायचं, हात लांबवून उचललं तर छोटं मशीन पुढे झुकतं. मग सरळ वर ओढायचं. जमीन कोरडी ठक्क असेल तर आदल्या दिवशी बुडाशी दोन-तीन घागरी पाणी ओता आणि पहारीने चारी बाजूंनी माती सैल करा. साखळी ताणली असताना पोलाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी उभं राहायचं नाही.

त्याआधी तार काढायची, तीही घाईने नाही. जुन्या तारेत ताण शिल्लक असतो. कोपऱ्याच्या पोलाजवळ एकदम कापली तर ती चाबकासारखी उलटून येते. मधल्या पोलांच्या बांधण्या आधी सोडा, तार जमिनीवर पडू द्या, मग कटरने २०-२५ फुटांचे तुकडे करून वेटोळी घाला. चामड्याचे हातमोजे, पायात बूट. बाभळीच्या किंवा लिंबाच्या सालीत रुतलेली तार ओढून काढत बसू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि आतली राहू द्या. मात्र त्या झाडाला रंगाने खूण करा, पुढे कधी करवत लागली तर दात जातील.

वेडी बाभूळ, घाणेरी आणि बोरीची खोडं मुळासकट काढणं, बांधावरचे उंचवटे सारखे करणं, पोल ओळीने नेऊन टाकणं, हेही मशीनला द्या. आणि जाळी लावणार असाल तर तिचा खालचा भाग पुरायला एक फूट खोल चर मशीनसारखा कोणी काढत नाही. रानडुकरांचा त्रास असेल तर हा चर सोडू नका, डुक्कर कुंपणावरून जात नाही, खालून उकरतं. अडीच-तीन टनांचं मशीन बघा, ते दीड मीटर रुंदीचं असतं आणि बांधाकडेने चालतं. मोठा जेसीबी टायरवर असतो, ओल्या रानात रुततो आणि बांध दाबून टाकतो.

४०० फुटांचा हिशेब असा. ८ फुटांवर एक पोल धरला तर ५१ पोल. कोपऱ्यांचे दोन आणि साधारण दर १०० फुटांवरचा एक असे पोल ८ फुटी घ्या आणि ३ फूट पुरा, बाकी ७ फुटी. कोपऱ्याच्या पोलाला ओळीच्या दिशेने एक तिरका टेका, मधल्या ताणाच्या पोलाला दोन्ही अंगांना. टेक्याचा पायही काँक्रीटमध्येच बसवायचा. नुसता मातीत टेकवला तर तार ताणल्यावर तो आत घुसतो आणि कोपरा कलतो. टेके धरून सिमेंट २० पोती, वाळू किंवा क्रश सँड अर्धा ब्रास, खडी एक ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). काटेरी तार पाच ओळींची म्हणजे २००० फूट. १२ गेजची चारकाटी तार किलोला ८ मीटरच्या आसपास बसते, म्हणून गाठी आणि वाया जाणारे तुकडे धरून ८५ किलो. १४ गेजची तार स्वस्त पडते कारण किलोत लांबी जास्त येते, पण आतली तार २ मिलिमीटरची असते. जनावर रेलणाऱ्या बाजूला ती घेऊ नका. दुकानात आयएस २७८ चा, म्हणजे काटेरी तारेच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. जस्ताचा थर पातळ असला की गंज आधी काट्यांच्या वेढ्यात धरतो.

नवा पोल जुन्या खड्ड्यात कधीच नको. तिथली माती मोकळी झालेली असते. जुने पोल ८ फुटांवर असतील तर नवे पोल त्याच ओळीत ४ फूट पुढे सरकवून सुरू करा, म्हणजे प्रत्येक नवा पोल दोन जुन्या खड्ड्यांच्या बरोबर मधे येतो. जुन्या खड्ड्यांत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून धुम्मसने ठोका. आधी दोन्ही टोकांचे पोल उभे करा, दोरी ताणा, फक्कीने खुणा करा. मधले पोल ओळंब्यात धरून काँक्रीट घाला आणि ते पहारीच्या टोकाने चेपा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. वरचं तोंड जमिनीपेक्षा दोन इंच उंच आणि बाहेर उतरतं ठेवा, पाणी थांबत नाही. सात दिवस पाणी मारा. त्याआधी तार ताणली की कोपरा हललाच समजा, आणि हललेला कोपरा पुन्हा सरळ होत नाही.

पाच तारा जमिनीपासून ६, १४, २४, ३६ आणि ४८ इंचांवर. ताणायला चेनपुली वापरा. ट्रॅक्टर किंवा पोकलेनने ताणायचा मोह होतो, पण तिथे ताण किती बसला ते हाताला कळत नाही, तार तुटते नाहीतर कोपरा उपटतो. घट्ट गाठ फक्त टोकाच्या आणि ताणाच्या पोलांवर. मधल्या पोलांना बांधणीची तार सैलसर, आतून काटेरी तार सरकली पाहिजे. तरच पुढे झोळ पडला तर एका टोकाने ओढून काढता येतो.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर, रान वाफशावर, म्हणजे ओल बेताची, असताना. वैशाखात काळी जमीन पहारीला दाद देत नाही, भेगाही असतात, आणि पावसात मशीन रुततं. दिवाळीनंतर मजूर कापसाच्या वेचणीत अडकलेले असतात, ही अडचण खरी आहे. दादाने मशीनचा हट्ट धरला तो याचमुळे, हे मान्य करतो.

मुरमाड किंवा खडकाळ जमीन असेल तर मी वर लिहिलेलं खड्ड्यांचं गणित लागू नाही. तिथे माती फुगत नाही आणि पहारीने दिवसाला चार खड्डेही होत नाहीत. खुशाल मशीन लावा, फक्त एक फुटी अरुंद बकेट मागून घ्या. मिनी पोकलेनला लावायचा ९ किंवा १२ इंची ऑगर, म्हणजे गोल फिरून खड्डा पाडणारा गिरमिट, तुमच्याकडे मिळत असेल तर काळ्या रानातही चालेल. सरळ खड्डा तो करतो, तळ तेवढा हाताने कोरायचा. आमच्याकडे तेव्हा ऑगर नव्हता. दादा आता म्हणतो की तो बकेटबद्दल नाही, मशीनबद्दल बोलत होता. तसं तो तेव्हा बोलला नव्हता.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: हद्दीबद्दल शेजाऱ्याशी जराही शंका असेल तर जुना एकही पोल काढण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. मोजणी नको असेल तर निदान शेजाऱ्याला उभं करून जुन्या ओळीचे फोटो काढा, आणि नवी दोरी लागेपर्यंत कोपऱ्यांचे जुने पोल हलवू नका. हद्दीचे दगड मशीनखाली सहज गाडले जातात, त्यांना आधीच चुना मारा. बांधावरून कोणाची वहिवाट असेल तर ती बंद करू नका. मामलतदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावतो आणि नवं कुंपण तुमच्याच खर्चाने उघडावं लागतं.

बांधाखालून पाइपलाइन, मोटारीची केबल जाते का हे ऑपरेटरला नाही, शेजाऱ्याला विचारा. त्याची लाइन तुमच्या बांधाखालून गेली असेल तर त्यालाच ठाऊक. वरून विजेच्या तारा जात असतील तर मशीनचा हात पूर्ण उंच केल्यावरही तीन मीटर अंतर राहिलं पाहिजे. ११ केव्हीच्या तारा लोंबलेल्या असतील तर त्या पट्ट्यातले पोल हातानेच काढा. आणि कुंपणात घरची वीज सोडायचा विचारही नको, माणूस मेला तर तुरुंगात जाल. झटका हवा असेल तर प्रमाणित झटका मशीनच घ्या.

स्वस्त काय, याचं उत्तर तुमच्या गावातल्या दरांवर आहे. ऑपरेटरला दोन गोष्टी आधी विचारा: कमीत कमी किती तासांचं भाडं लागेल, आणि मशीन आणण्या-नेण्याच्या गाडीचे पैसे वेगळे का. बहुतेक ठिकाणी कमीत कमी तास ठरलेले असतात, म्हणून उपटणं, खोडं काढणं, बांध सारखा करणं आणि चर ही सगळी कामं एकाच दिवशी ओळीने लावा. तारा आदल्या दिवशी सोडून ठेवा, नाहीतर तुम्ही तारा कापत बसाल आणि मशीनचं मीटर चालू राहील.