टेंपो भरण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सात-आठ जणांनी पगारातून पैसे बाजूला काढलेत, माण तालुक्यातली एखादी वस्ती दत्तक घ्यायची, जानेवारीत टेंपो भरून ब्लँकेटं आणायची ठरवलीत. फार बरं वाटलं. फक्त तो 'दत्तक' शब्द खोडून टाक. त्या वस्तीत माझ्याहून वयस्कर माणसं आहेत, त्यांना आपण कोण दत्तक घेणारे?

आणि जानेवारीत येऊ नका. दसरा-दिवाळी उरकली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, मेंढरंवाले कळप घेऊन पश्चिमेला उतरतात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेची पोरं. त्या दिवसांत ठरवलेलं काम परत आलेल्यांना आपलं वाटत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये ५०० च्या आसपास, तोही भरवशाचा नाही. इथलं सगळं जगणं त्या पावसाच्या मागं धावतं. आपली तारीखही त्यालाच विचारून ठरवायची.

माझी एक चूक सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून एका वस्तीवर पाच हजार लिटरची टाकी बसवली. जागा बैठकीत ठरली, मारुतीच्या पाराशेजारी. नारळ फुटला, पेढे वाटले. महिन्याभरानं गेलो तर नळाखालची फरशी कोरडी ठणठणीत आणि बाया अर्धा कोस चालून जुन्या आडावर. मला राग आला. आडाच्या काठावर एक मावशी कासरा ओढत होत्या. दगडावर कासऱ्यानं बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. घागर वर घेत त्या म्हणाल्या, "गुरुजी, पारावर सासरं, भावकी बसत्यात दिसभर. पदर सांभाळू का घागर?"

बैठकीला सगळे पुरुष होते. पाणी भरणारी एकही बाई नव्हती आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. नंतर दोनशे फूट पाइप टाकून नळ देवळामागं नेला. टाकीच्या मानानं खर्च काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिथं घागरींची रांग.

म्हणून सांगतो, पहिले चार-सहा महिने काही देऊ नका. नुसतं जा, बसा, विचारा. पाणी कोण भरतं? किल्ली कुणाकडं राहणार? मोटर जळली तर पैसे कोण काढणार? वरच्या आळीच्या नळाला खालच्या आळीतल्या बाईनं हात लावलेला चालतो का? हे शेवटचं भर बैठकीत विचारू नकोस, खरं उत्तर मिळणार नाही. खालच्या आळीत चुलीपाशी बसून विचार.

जमलं तर सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बलवडीला जाऊन ये. तिथं येरळेवर बळीराजा स्मृती धरण आहे. ऐंशीच्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ते उभं केलं. नदीतली वाळू विकून पैसा उभारला, अंगमेहनत घातली. आणि पाणीवाटपात भूमिहीन कुटुंबालाही हक्काचा वाटा ठेवला. माझ्या लेखी त्या धरणातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. ज्याला रान नाही त्यालाही पाणी, हे लोकांनी आपणहून ठरवलं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ साली पाणी अडवण्या-जिरवण्याच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं, तेही गाव उन्हातान्हात श्रमदानाला उतरलं म्हणूनच.

गरीब आहेत, त्यांच्याकडून काय घ्यायचं, असं तू लिहिलंस. घ्यायचं, पोरी. कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, वसतिगृहांसाठी बाया रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्या मुष्टिफंडावर पोरं जेवली, शिकली. मूठ देणारी बाई उद्या हिशोब विचारायला येते, आणि तिनं तो विचारायलाच हवा. दहा रुपये घ्या, एक दिवसाचं काम घ्या, पण घ्या. जमाखर्च देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या चहापाण्यासकट.

ब्लँकेटं द्यायचीच असतील तर ती गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईकडं सोपवा. कुणाच्या घरात थंडीत बाळंतीण आहे हे तिला ठाऊक असतं. आणि देताना फोटो काढू नका. हात पुढं केलेला फोटो त्या माणसाच्या लेकीला शाळेत कुणी दाखवला तर?

गुढीपाडव्यानंतर ये. साताऱ्याहून पुसेगावमार्गे दहिवडीची एसटी पकड, स्टँडवर मी असेन. एकटीच ये, वही घेऊन. त्या आडावरच्या मावशींकडं तुझी राहायची सोय केली आहे. चैत्रात टाकी आटते आणि टँकर कधी येईल याचा नेम नसतो. हॉर्न वाजला की त्या दोन घागरी घेऊन पळतात. आता गुडघे दुखतात त्यांचे. एक तू घे.

तुझे,
गुरुजी