वाचकांचे प्रश्न : बिटकॉइनचा नियम बदलतो कोण?

प्रश्न : बिटकॉइन कोर या मुख्य सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये बदल विलीन करण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे आहे. उद्या त्यांनी २.१ कोटी नाण्यांची मर्यादा वाढवली तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाढवू देत. बदल होईल तो त्यांच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात. तुमच्या नोडवर (हे सॉफ्टवेअर चालवून नियम तपासणाऱ्या संगणकावर) जुनी आवृत्ती आहे तोवर ठरल्यापेक्षा जास्त नाणी काढणारा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, तो नाकारणारच, मागे मायनरांची (ब्लॉक तयार करणाऱ्यांची) कितीही ताकद असो. बिटकॉइन कोर आपोआप अपडेट होत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. परवाना एमआयटीचा, म्हणजे मुक्त वापराचा आहे. ज्याला बदल पटला नाही त्याने जुना कोड उचलून पुढे न्यावा, कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून ‘कुणाच्याच हातात काही नाही’ असंही समजू नका. कोरच्या ०.८ आवृत्तीने ब्लॉकच्या नोंदी ठेवणारा बर्कली डीबी हा डेटाबेस काढून लेव्हलडीबी आणलं. मार्च २०१३ मध्ये एका ब्लॉकमधल्या व्यवहारांच्या इनपुटांची (खर्च होणाऱ्या आधीच्या रकमांची) संख्या नेहमीपेक्षा बरीच मोठी निघाली. नव्या नोडनी तो ब्लॉक घेतला. जुन्यांचं बर्कली डीबी लॉकच्या (एका वेळी किती नोंदी धरून ठेवता येतात त्या) मर्यादेवर अडलं आणि ब्लॉकची साखळी दुभंगली. लांब साखळी, जी एरवी खरी धरली जाते, ती ०.८ ची होती. तरीही विकसकांनी मायनिंग पूल (मायनरांचे गट) चालवणाऱ्यांना ०.७ वर परतायला सांगितलं आणि लांब साखळी सोडून दिली. निर्णय आमच्या मते बरोबर होता, पण काही तासांत आणि बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी घेतलेला.

प्रश्न : ९५ टक्के मायनरांनी होकार दिला की सॉफ्ट फोर्क (नियम आणखी कडक करणारा बदल) लागू होतो. मग हे मायनरांचं मतदानच झालं ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर : मतदान नव्हे, ‘आम्ही तयार आहोत’ अशी खूण. बीआयपी म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा क्रमांकित प्रस्ताव. बीआयपी ९ च्या पद्धतीत २,०१६ ब्लॉकच्या एका फेरीत (साधारण दोन आठवडे) १,९१६ ब्लॉकवर ठरलेला बिट, म्हणजे ही खूण, लागला, तर बदल निश्चित होतो आणि आणखी एका फेरीनंतर लागू होतो.

यात दोन खोट आहेत. एक, पाच टक्क्यांहून थोडे जास्त मायनर सगळं अडवू शकतात. सेगविट (सह्या व्यवहारापासून वेगळ्या ठेवणारा बदल) असंच महिनोन्‌महिने रखडलं. शेवटी बीआयपी १४८ वाल्यांनी जाहीर केलं की १ ऑगस्ट २०१७ पासून आमचे नोड खूण नसलेले ब्लॉक घेणार नाहीत. मायनरांनी ८० टक्के होकारावर सेगविटची खूण सक्तीची करणाऱ्या बीआयपी ९१ ने वाट काढली आणि २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं. टॅपरूट या पुढच्या बदलाच्या वेळी अट ९० टक्क्यांवर आणली, म्हणजे १,८१५ ब्लॉक. जून २०२१ मध्ये निश्चिती झाली, तरी अंमल नोव्हेंबरात ठेवला, अपडेटला सवड मिळावी म्हणून.

दुसरी खोट जास्त वाईट: खूण करणारा तपासतोच असं नाही. ४ जुलै २०१५ ला बीआयपी ६६ (सह्यांच्या स्वरूपाचा कडक नियम) लागू होऊन काही तास झाले नाहीत, तोच एक अवैध ब्लॉक आला. होकाराची खूण करणाऱ्या मोठ्या पूलांनी तो न तपासता त्यावरच पुढचे ब्लॉक रचले. सहा ब्लॉक वाया गेले.

प्रश्न : मी संगणकशास्त्र शिकते. यात भाग घ्यायचा तर सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : स्वतःचा कोड पाठवण्याआधी दुसऱ्याचा तपासा, तुटवडा तपासणाऱ्यांचाच आहे. एखादा पुल रिक्वेस्ट (कोडबदलाचा प्रस्ताव) स्वतःच्या मशीनवर बिल्ड करा, युनिट आणि फंक्शनल दोन्ही चाचण्या चालवा, मगच ‘एसीके’ (संमती) लिहा आणि सोबत तपासलेल्या कमिटचा, म्हणजे कोडच्या त्या नोंदीचा, हॅश (ओळखक्रमांक) द्या. हॅश नसेल तर नंतर कोड बदलल्यावर तुमची संमती नेमकी कशाला होती ते कळत नाही. कल्पना पटली पण कोड पाहिला नाही, तर ‘कन्सेप्ट एसीके’. विरोधाच्या ‘एनएसीके’ला कारण द्यावंच लागतं, नुसत्या नकाराला कुणी मोजत नाही.

स्वतःचा कोड पाठवाल तेव्हा मांडणीतली साफसफाई आणि वागणुकीतला बदल एकत्र करू नका, तपासणारा तिथेच वैतागतो. नियमबदल सुचवायचा असेल तर बीआयपीचा क्रमांक स्वतः लावू नका, तो संपादक देतात. क्रमांक मिळाला म्हणजे प्रस्ताव मान्य झाला, असंही नाही. मराठी भाषांतर करायचं असल्यास ते ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतं, पुल रिक्वेस्टने घेत नाहीत.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर नोड चालवला तर माझं मत धरलं जातं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुम्ही त्या नोडवर पैसे स्वीकारत असाल तर थोडंफार, नुसता चालू ठेवलात तर जवळजवळ नाही. जागा कमी असेल तर ‘प्रून’चं (जुने ब्लॉक पुसणाऱ्या सेटिंगचं) मूल्य ५५० ठेवा, म्हणजे ब्लॉकच्या फायली सुमारे ५५० एमबीत मावतील. पहिल्यांदा मात्र सगळी साखळी उतरवावीच लागते, तेव्हा मोबाइलच्या डेटावर हा प्रयोग नको.