सेट आलाच नाही, मग बाळगला कुठे?

प्रश्न : मी घणसोलीला राहतो. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाची परीक्षा दिली आहे, लायसन्स अजून हातात नाही. ठाण्यातल्या एका जुन्या हॅमच्या नावाने आणि कॉल साइनने (लायसन्ससोबत मिळणाऱ्या ओळख-क्रमांकाने) विकायला ठेवलेला आयकॉमचा आयसी-718 वायरलेस सेट दिसला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून यूपीआयने आधी 10,000, मग 36,000 रुपये पाठवले. सेट आला नाही. आठ दिवसांनी ‘कस्टम्समधून’ फोन आला : विनापरवाना वायरलेस सेट मागवलात, 15,000 भरा, नाहीतर अटक. लायसन्स नसताना सेट घ्यायला निघालो हे चॅटमध्येच आहे, म्हणून पोलिसांत जायची भीती वाटते. रागाच्या भरात त्या हॅमचा फोटो टाकून ‘हा चोर आहे’ अशी पोस्ट मी दोन ग्रुपवर टाकली. आता त्यांचा फोन आला, म्हणतात मी काही विकायला काढलेलंच नाही. काय करू?

उत्तर : ते पंधरा हजार भरले नसतील तर भरू नका, आणि भरले असतील तर तेही तक्रारीत लिहा. कस्टम्सचा तो ‘साहेब’ बहुधा पहिल्याच टोळीतला आहे. तुमच्याकडे लायसन्स नाही, हे तुम्ही त्या विक्रेत्याशिवाय कोणाला सांगितलं होतं? सरकारी अधिकारी असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली वेगळा गुन्हा आहे.

आता तुमच्या भीतीकडे येते. 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा घ्या की 2023 चा दूरसंचार कायदा, दोघांचाही रोख सेट परवान्याशिवाय ताब्यात ठेवण्यावर आहे. तुमच्या ताब्यात आहे काय? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चार फोटो. बाळगला म्हणायला आधी सेट घरात यावा लागतो. लायसन्स येईपर्यंत तो आणू नका, एवढं मात्र बजावते. त्या चॅटमधली एक ओळ मला फार बोलकी वाटली. तुम्ही लिहिलंत, ‘लायसन्स यायचं आहे, चालेल ना?’ समोरून आलं, ‘चालतंय हो, टोकन पाठवा.’ खरा हॅम सेट देण्याआधी लायसन्सची प्रत मागतो, कारण सेट भलत्याच्या हाती गेला तर विचारणा त्याच्याकडे होते. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर तिसरंच नाव दिसलं तेव्हा ‘मुलीचं खातं आहे’ यावर तुम्ही विश्वास ठेवलात. असो. ओळखीच्या एखाद्या लायसन्सधारकाला त्या माणसाला रिपीटरवर (हॅम मंडळींचा संदेश पुढे पोचवणाऱ्या केंद्रावर) बोलवायला सांगितलं असतं, तर आवाजावरूनच उलगडा झाला असता.

आज पहिलं काम 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. आठ दिवस उशीर झालाय, पैसे एव्हाना दोन-तीन खात्यांतून फिरले असतील, पण वाटेत कुठे अडकले असतील तर ते तक्रारीमुळेच गोठतात. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र जोडताना हाच फोन लागतो. मग नवी मुंबई सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार : न्याय संहितेची कलमं 318(4) (फसवणूक) आणि 319(2) (तोतयेगिरी करून फसवणूक), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66सी (ओळख चोरी) आणि 66डी (संगणक वा फोनवरून तोतयेगिरी). ‘आरोपी परराज्यात आहे, तिकडे जा’ असं कोणी म्हणालं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा, हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. तरीही टाळाटाळ झाली तर तीच तक्रार उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

बँकेकडून भरपाईची फार आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं संरक्षण तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांना आहे. इथे पिन तुम्हीच टाकलात. रक्कम गोठलेली सापडली तर ती सोडवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली बेलापूर कोर्टात अर्ज करता येतो.

खरं सांगायचं तर मला काळजी तुमच्या पोस्टची आहे. त्या गृहस्थांची कॉल साइन आणि फोटो चोरीला गेले, आणि वर चोर म्हणून नाचक्की त्यांचीच झाली. ते न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची फिर्याद करू शकतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर विचार नक्की केला असता. पोस्टचा स्क्रीनशॉट स्वतःपाशी ठेवा, आजच पोस्ट काढा, आणि त्याच दोन्ही ग्रुपवर नाव घेऊन माफी मागा. ‘कोणाचं मन दुखावलं असल्यास’ वगैरे नको. ‘मी चुकीच्या माणसाला चोर म्हणालो’ असं स्वच्छ लिहा. मग ठाण्याला जाऊन त्यांना भेटा. त्यांनाही स्वतंत्र तक्रार करायला सांगा आणि तुमचा तक्रार क्रमांक द्या. ‘ही जाहिरात माझी नाही’ हा त्यांचा जबाब तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि तो त्यांच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.