कानाच्या दोषामुळे तोल जात असेल, तर ताई चीचा उपयोग होतो का?

आपल्या ६८ वर्षांच्या आईंना वर्षभरापासून चक्कर येते, चालताना झोक जातो, डॉक्टरांनी 'अंतर्कर्णाचा त्रास आहे' एवढेच सांगितले आहे आणि ओळखीच्या कुणीतरी ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी व्यायामपद्धती, शिकण्याचा सल्ला दिला आहे, असे आपण लिहिले आहे. उपयोग होतो, पण तो कानाला होत नाही, पायांना होतो. हा फरक नीट समजल्याशिवाय वर्गाची फी भरू नये, असे मी स्वानुभवावरून सांगेन.

'अंतर्कर्णाचा त्रास' हे निदान अपुरे आहे. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर फळीकडे पाहताना खोली गरकन फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, असे आईंचे होत असेल, तर अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले असण्याची शक्यता मोठी असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करतात, बुबुळे कशी थरथरतात ते पाहतात, आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक जागेवर आणतात. एपली या अमेरिकी डॉक्टरांची ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि तिला काही मिनिटेच लागतात. या विकारावर वर्षभर ताई ची केले तरी स्फटिक त्यामुळे जागेवर जाणार नाहीत. (चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे किंवा हातापायातील शक्ती जाणे असे काही झाले, तर कानाचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे.)

माझा विकार वेगळा होता. सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला सूज आली. तीन दिवस भिंती फिरत होत्या. मग गरगरणे थांबले, पण तोल परत आला नाही. तो गेला आहे हे मला सर्वांत स्पष्टपणे न्हाणीघरात कळले. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की अंग डावीकडे कलायचे आणि हात आपोआप नळाकडे जायचा. शरीराला तोलाची खबर डोळे, पावले व सांधे, आणि अंतर्कर्ण अशा तीन ठिकाणांहून मिळते. डोळे मिटलेले, खालची फरशी ओली, म्हणजे सारी भिस्त कानावर, आणि माझा एक कान मुका झालेला.

माझ्या फिजिओथेरपिस्टनी आधी नजरेचे व्यायाम दिले: भिंतीवरच्या एका अक्षरावर दृष्टी खिळवून डोके भरभर उजवीकडे-डावीकडे हलवायचे. या व्यायामाने मळमळते, वैताग येतो, पण मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला त्यातूनच शिकतो. सिनारिझिनसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हे शिकणे लांबते, म्हणून डॉक्टरांनी माझ्या गोळ्या लवकर बंद केल्या. दोन महिन्यांत चालता चालता दुकानाची पाटी वाचता येऊ लागली. झोक मात्र जातच राहिला.

त्यानंतर न्यू जर्सीला लेकीकडे सहा महिने राहिले, तेव्हा तेथील ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात ताई ची शिकले. ('ताईची की माईची?' ही चेष्टा घरात पुष्कळ दिवस चालली.) १९५६ साली चीनमध्ये ताई चीच्या 'यांग' नावाच्या शैलीतून तयार झालेला २४ हालचालींचा संच आम्हाला शिकायचा होता, परंतु पहिले तीन आठवडे बाईंनी फक्त पाऊल टाकायला शिकवले. गुडघे किंचित वाकवून सगळा भार उजव्या पायावर घ्यायचा, म्हणजे तो 'भरलेला' पाय; डावा 'रिकामा' पाय पुढे नेऊन, नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर ठेवावी तशी टाच अलगद टेकवायची, मग तळवा, आणि तळव्याखालची जमीन जाणवल्यावरच भार हळूहळू त्याच्यावर सोडायचा. जेमतेम दहा पावलांत माझ्या पोटऱ्या थरथरू लागायच्या. कानाकडून येईनाशी झालेली खबर तळव्याकडून आणि घोट्याकडून मागवण्याची ही तालीम आहे, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

संशोधन काय सांगते, हेही पाहू. अटलांटातील एमरी विद्यापीठाच्या १९९६च्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या २०० जणांपैकी ताई ची करणाऱ्यांचा वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. मात्र ते कानाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. तोलाची सौम्य तक्रार असलेल्या २२ जणांवर झालेला, १९९९ साली प्रसिद्ध झालेला आठ आठवड्यांचा अभ्यास आहे. त्यात सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मला सर्वांत पटलेले काम बोस्टनच्या संशोधकांचे आहे. २००४ व २००५ साली त्यांनी अंतर्कर्णाच्या रुग्णांमध्ये ताई ची आणि नजरेचे व्यायाम यांची तुलना केली, तेव्हा नजरेच्या व्यायामांनी दृष्टी स्थिरावली आणि ताई चीने शरीर स्थिरावले. याचे कारण समजण्याजोगे आहे. अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या जलद हालचाली टिपण्यासाठी असतात, आणि ताई चीत डोके इतके संथ वळते की कानाची मदत न घेताही डोळ्यांना दृश्य धरून ठेवता येते. ज्या संथपणामुळे पाय शिकतात, त्याच संथपणामुळे नजर शिकत नाही. म्हणून ताई ची हे नजरेच्या व्यायामांना पर्याय ठरत नाही. आधी ते करावेत आणि मग याची जोड द्यावी.

योगासनांबद्दलही आपण विचारले आहे. वृक्षासन चांगलेच आहे, पण माणूस एका जागी उभा असताना क्वचितच पडतो. तो ओट्यावरून हातात पातेले घेऊन मागे वळताना पडतो, आणि ताई चीत हे वळणेच घोटून घेतले जाते. आईंनी सुरुवातीला पाठीशी भिंत आणि हाताशी जड खुर्ची ठेवावी, डोळे मिटू नयेत, गुडघे दुखत असतील तर कमी वाकावे आणि पंधरा दिवसांत निकाल मागू नये. मोबाईलवर पाहून शिकू नये, कारण पडदा दिसावा म्हणून मान भलतीकडेच वळते.

गेल्या वर्षी कानात गार व कोमट पाणी सोडून माझी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा डावा कान होता तसाच मुका निघाला. साबण लावताना मी आता नळ धरत नाही. तरी त्या वेळी भिंतीला बसवून घेतलेली दांडी मी काढलेली नाही, आणि आईंच्या न्हाणीघरात तशी दांडी वर्गात नाव घालण्याआधीच बसवून घ्यावी.